ओहायोत हरणासाठी लिव्हर-अ‍ॅक्शन: .३०-३०, .४४ मॅग्नम, .४५-७० की .३६० बकहॅमर?

गंगापूर_रोडकर

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेर थोरल्या भावाकडे ओहायोला जायचं आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तिथला हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि भावाच्या मित्राच्या शेतावर बसायची रीतसर परवानगी मिळाली आहे. जनावर व्हाइटटेल. झाडीत बसलो तर ४०-५० यार्ड, कापलेल्या मक्याच्या कडेला बसलो तर फार तर १२५ यार्ड.

भाऊ आधी पेनसिल्व्हेनियात होता. तेव्हाची मार्लिन ३३६ त्याच्याकडे आहे, .३०-३० काडतुसाची; लिव्हरवाली, म्हणजे चापाखालचा दांडा पुढे-मागे करून काडतूस भरायची. मित्र त्याची मार्लिन १८९५ वापरायला देतो म्हणतो, ती .४५-७० मधली. शिवाय भावाला एक नवी हेन्री घ्यायचीच आहे; ती .४४ मॅग्नममध्ये घ्यावी की .३६० बकहॅमरमध्ये यावर घरात खल चालू आहे.

माझा हात १० मीटर एअर रायफलवर बसलेला. धक्का म्हणजे काय ते खांद्याला ठाऊक नाही, आणि अंगकाठी बारीक. या चारांतलं कुठलं घ्यावं, गोळी किती ग्रेनची (वजनाने), आणि झीरो, म्हणजे नेम आणि गोळी नेमकी जुळतात ते अंतर, किती यार्डांवर?

‘मुकी जनावरं मारता कशाला’ हा प्रतिसाद यायच्या आधीच सांगतो: येवल्याजवळ ममदापूरला काळवीट बघायला जातो ते दुर्बीण घेऊन. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे काय बंद आहे ते माहीत आहे. प्रश्न फक्त ओहायोचा.

बकआय_नाशिककर

चारांतला एक उमेदवार आत्ताच बाद करा. .३०-३० ओहायोत हरणावर चालत नाही.

इंटरनेटवर सगळीकडे .३०-३० चीच आरती ओवाळलेली दिसेल आणि त्यात खोटं काही नाही. पण ओहायोचा नियम असा की हरणावर रायफल वापरायची तर काडतूस सरळ पुंगळीचं हवं आणि गोळीचा व्यास .३५७ ते .५० इंचांमध्ये हवा. .३०-३० ची पुंगळी पुढे गळ्याशी निमुळती होते आणि गोळी .३०८ इंचांची, म्हणजे दोन्ही अटींवर नापास. भावाची ३३६ पेनसिल्व्हेनियात पूर्ण कायदेशीर होती, इथे ती कपाटात राहील. .३५ रेमिंग्टनही बाद, कारण गोळी जाड असली तरी पुंगळीला खांदा आहे, म्हणजे ती पुढे निमुळती होते. .३०८ किंवा .२४३ मधली ब्राउनिंग बीएलआर कोणी देऊ केली तर तिलाही नाहीच म्हणा.

लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये उरतात ती .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, .४४४ मार्लिन, .४५-७०, .३६० बकहॅमर आणि जुन्यांतलं .३८-५५. मिशिगनचं कोणी ऐकून सांगितलं तर गोंधळू नका. त्यांच्या दक्षिण पट्ट्यासाठी पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच अशी वेगळी अट ठेवलेली होती, तिच्यात २.१०५ इंचांची .४५-७० बसत नाही. ओहायोत लांबीची भानगड नाही.

दुसरा नियम बरेच जण विसरतात. चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (बाकीची काडतुसं राहतात ती जागा) मिळून तीनच काडतुसं. नळीत जागा जास्त असली तरी तीनच भरायची. अंगावर भगव्या-नारिंगी रंगाचं जॅकेट किंवा बंडी, वरून दिसेल अशी. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर येणार ना? अमेरिकेच्या संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. बी-१/बी-२ काय, एफ-१ काय, एच-१बी काय, सगळे त्यात आले. सूट मिळते ती अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर. म्हणून क्रम असा: आधी परवाना, मग रेंज, मग शेत. ‘भावाचीच तर आहे, घरामागे दोन गोळ्या मारून बघू’ हे परवान्याआधी करायचं नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला नसेल तर अप्रेंटिस परवाना मिळतो, त्यात परवानाधारक प्रौढ माणूस सोबत लागतो. हरणाचं परमिट वेगळं काढावं लागतं. परवाना काढाल तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाचा, माझ्यासकट कोणाच्या शब्दावर जाऊ नका.

देवळाली_कॅम्प

.४५-७० घ्या आणि विषय संपवा. १८७३ पासून चालत आलेलं काडतूस आहे, बायसन लोळवलेत त्याने. .४५८ इंचांची गोळी लागली की हरिण पुढे जातंच कुठे? आणि रायफल फुकट मिळतेय.

पुंगळी

तोफखान्याच्या शेजारी राहिलं की असंच वाटतं. पण देवळालीकर अर्धे बरोबर आहेत, म्हणून आकड्यांवरच बोलू. खालचे वेग कारखान्याच्या काडतुसांचे, रायफलच्या लांबीच्या नळीतून, फूट प्रति सेकंदात. ऊर्जा फूट-पाउंडांत. झीरो सगळीकडे १०० यार्ड धरलाय.

.४४ मॅग्नम, २४० ग्रेन: वेग १७६० च्या आसपास, तोंडाशी ऊर्जा १६५०, शंभर यार्डांवर साधारण १०००. पन्नास यार्डांवर गोळी इंचभर वर लागते, दीडशेवर सहा इंच खाली आणि दोनशेवर दीड फूट खाली. म्हणजे शंभरपर्यंत बिनधास्त, १२५ ही शेवटची हद्द, त्यापुढे नाद सोडायचा. हे मुळात १९५५ चं रिव्हॉल्वरचं काडतूस. रायफलची नळी मिळाल्यामुळे त्याला हा जोर आला.

.३६० बकहॅमर, १८० ग्रेन: वेग २४००, ऊर्जा २३००. दोनशेवर सुमारे आठ इंच खाली. २०० ग्रेनची गोळी २२०० ने जाते. रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलं. .३०-३० चीच पुंगळी सरळ करून १.८० इंचांची ठेवली आणि .३५८ ची गोळी बसवली, म्हणजे या सरळ पुंगळीवाल्या राज्यांसाठी कायद्याच्या मापाने शिवलेलं काडतूस. सरळ पुंगळीच्या अटीत बसून .३०-३० चं काम करतं, उलट जरा जास्तच. तोटा एवढाच की दुकानात प्रकार कमी मिळतात. गावच्या छोट्या दुकानात.४४ आणि .४५-७० नक्की असेल, हे असेलच असं नाही.

.४५-७० बद्दल बोलताना ‘कुठलं .४५-७०’ ते आधी विचारावं लागतं. एकाच नावाखाली तीन वेगळी जनावरं आहेत. ४०५ ग्रेनचं साधं काडतूस १३३० ने जातं. ते मऊ ठेवलंय, कारण ट्रॅपडोर नावाच्या जुन्या, कमजोर रायफली अजून लोकांच्या घरात आहेत आणि ठरवून दिलेला दाब फक्त २८,००० पीएसआय आहे. दोनशेवर ते दोन फूट खाली जातं. ३०० ग्रेनचं १८५० ने जातं, दीडशेवर चार इंच, दोनशेवर फूटभर खाली. आणि हॉर्नाडीचं ३२५ ग्रेनचं लिव्हरेव्होल्यूशन २०५० ने, ऊर्जा ३००० च्या वर. ते १८९५ मध्ये चालतं. पण पेटीवर ‘मॅग्नम’ किंवा ‘+पी’ (म्हणजे जादा दाबाचं) लिहिलेलं काही जुन्या ट्रॅपडोरमध्ये घातलं तर रायफल जाईल आणि सोबत डोळाही.

.३८-५५ कोणी देऊ केली तर आणखी एक खबरदारी: .३७५ विंचेस्टर हे त्याच्यावरूनच निघालेलं, दाब मात्र कितीतरी जास्त. जुन्या .३८-५५ मध्ये ते घालू नका.

.३५७ शंभर यार्डांवर ७०० च्या आसपास ऊर्जा देतं. पन्नासला पुरतं, कापलेल्या मक्याच्या कडेला नाही. .४४४ उत्तम, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं, तेव्हा सोडा.

आता धक्का. सात पाउंडांच्या रायफलीत .३०-३० चा धक्का १२ फूट-पाउंडांच्या आसपास. .४४ हलक्या कार्बाइनमध्ये १३. .३६० चा १७. .४५-७० मध्ये ४०५ ग्रेन साधं २० च्या घरात, आणि ३२५ ग्रेनचं लिव्हरेव्होल्यूशन ३० च्या वर. एअर रायफलवरून थेट तिसावर गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपासून चाप ओढताना डोळे मिटायला लागतील. ती सवय लागायला दहा मिनिटं पुरतात आणि जायला हंगाम जातो. हरणाला ३००० फूट-पाउंड लागत नाहीत. फुफ्फुसातून आरपार गेलेली .४४ ची गोळी आणि .४५-७० ची गोळी, दोन्हींनंतर हरिण थोडं धावतं आणि पडतं. पोटात लागलेली .४५-७० मात्र संध्याकाळभर माग काढायला लावते.

माझं मत: नवी घ्यायचीच आहे तर .३६० घ्या, १८० किंवा २०० ग्रेन, दोन्ही चालतील. मक्याच्या कडेला बसायचंच नाही असं ठरलं तर .४४, २४० ग्रेन सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली गोळी). मित्राचीच १८९५ वापरायची असेल तर ३०० ग्रेन आणि खांद्याला चांगलं जाड रबरी पॅड.

एक धोका मात्र घरातलाच आहे. .३६० आणि .३०-३० चं बूड एकाच मापाचं. भावाकडे दोन्ही रायफली असतील तर दोन पेट्या एका बॅगेत, एका खिशात ठेवू नका. .३०-३० चं काडतूस .३६० च्या चेंबरमध्ये शिरून बसण्याची शक्यता आहे आणि पुढे काय होईल ते बघायची गरज नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचं नाव जुळवायचं, मगच भरायचं.

गंगापूर_रोडकर

मनापासून आभार. .३०-३० बंद आहे हे भावालाही माहीत नव्हतं, आत्ताच फोनवर सांगितलं. आम्ही .३६० कडे झुकलोय. आता दोन गोष्टी. टोकदार गोळी लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये चालत नाही म्हणतात, ते .३६० लाही लागू का? आणि झीरो करायचा रीतसर क्रम कोणी सांगेल का? एअर रायफलला आपण फक्त डायोप्टरच्या (मागच्या भोकाच्या निशाणीच्या) क्लिका मोजतो.

सातपूर_टूलरूम

टोकदार गोळीचा प्रश्न काडतुसाचा नाही, मॅगझिनचा आहे. नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागोमाग झोपलेली असतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगीच्या टिकलीला, टेकलेलं. धक्क्याने सगळी रांग हलते, आणि कडक अणकुचीदार टोक असेल तर ते फायरिंग पिनचं काम करू शकतं. म्हणून चपट्या किंवा गोल नाकाची गोळी. हॉर्नाडीच्या एफटीएक्स गोळीचं टोक टोकदार दिसतं, पण ते दाबलं की दबणारं पॉलिमर आहे, ते नळकांड्यासाठीच केलंय. इतर कुठल्याही लाल-निळ्या प्लॅस्टिक टोकाला तो न्याय लावू नका, ती टोकं कडक असतात. बीएलआरला पेटी-मॅगझिन आहे म्हणून तिला टोकदार चालते. .३६० ची कारखान्याची काडतुसं लिव्हर-अ‍ॅक्शन डोळ्यांसमोर ठेवूनच येतात, तरी पेटी वाचा.

झीरो असा करा. पहिल्या तीन गोळ्या २५ यार्डांवर, मोठ्या कागदावर. तिथे मधोमध आणलं की १०० ला जा. रायफल टेकवायची ती लाकडी फोरएंडवर (नळीखालच्या पुढच्या लाकडावर), वाळूच्या पिशवीवर. नळी किंवा मॅगझिनची नळी पिशवीला टेकवली की गोळी वर उडते, आणि माणूस स्कोप फिरवत बसतो. तीन गोळ्या, मग लिव्हर उघडी ठेवून नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. बारीक नळीच्या रायफली तापल्या की गट उभा ताणला जातो. नळी आणि मॅगझिन बांधणारा बॅरल-बँड (कडं) असलेल्या रायफलीत मॅगझिन भरलेलं आणि रिकामं यानेही लागण्याची जागा सरकू शकते, म्हणून शेतात जितकी भरणार तितकीच, म्हणजे तीन भरून तपासा. शंभर यार्डांवर दोन-अडीच इंचांचा गट आला की पुरे. १० मीटरवाले इथे हटकून वेळ घालवतात. दहा-दशांश नऊ मारायचं नाहीये, हरणाची मर्माची जागा आठ इंचांची आहे. .३६० चा झीरो शंभरवर किंवा शंभरला दीड-दोन इंच वर ठेवा. तुमच्या १२५ यार्डांपर्यंत गोळी त्या आठ इंचांच्या बाहेर जात नाही, वर धरायचं, खाली धरायचं असलं काही डोक्यात ठेवायला नको.

धक्क्यासाठी एक साधी तालीम: भावाला पाठ करून भरायला सांगा, कधी काडतूस तर कधी स्नॅप-कॅप (न फुटणारं खोटं काडतूस). स्नॅप-कॅपवर चाप ओढल्यावर नळी खाली डुचमळली तर तुम्ही दचकताय. मग तिथेच थांबायचं, आणखी गोळ्या जाळून ते सुटत नाही.

लिव्हरबद्दल. जी बिघडते ती बहुतेक वेळा अर्धवट झटक्याने. लिव्हर पुढे पूर्ण जाईपर्यंत ढकला, टक्क असा थांबा लागला पाहिजे, मग तितक्याच ठामपणे मागे. हळुवार हात लावला की पुंगळी अर्धी बाहेर, पुढचं काडतूस अर्धं आत, आणि सगळं ठप्प. मागे आणताना शेवटचा केसभर राहिला तरी मार्लिनचा चाप चालत नाही, कारण लिव्हर दस्त्याला पूर्ण दाबली गेल्याशिवाय चाप मोकळा होत नाही. हातमोजे घातलेल्या बोटांनी हेच होतं.

मित्राच्या १८९५ वर आडवं बटण-सेफ्टी असेल तर तेही बघून ठेवा. ती लावलेली असताना घोडा पडतो, टक् आवाज येतो, गोळी सुटत नाही, आणि हरिण मान वर करून तुमच्याकडे बघतं. नव्या हेन्रीत ट्रान्सफर बार (चाप ओढल्यावरच घोड्याचा ठोका पुढे पोचवणारी पट्टी) असतो, ते बटण नसतं. घोडा अंगठ्याने उतरवताना नळी जमिनीकडे, आणि मोजा काढूनच. स्कोप लावलात तर घोड्याला बाजूचा स्पर (बाहेर येणारा खुंट) लावून घ्या, नाहीतर अंगठा स्कोपखाली जातच नाही.

थंडीत तेल कमी. घट्ट वंगण गोठलं की फायरिंग पिन संथ होते आणि प्रायमर फुटत नाही. बोल्ट कोरडा पुसून हलक्या तेलाचा एक थेंब, बस्स. गाडीतून थंडीत आणि परत उबदार घरात नेताना स्कोपवर दव धरतं. रायफल रात्रभर थंड गॅरेजमध्येच कुलपात ठेवली तर ते टळतं.

देवळाली_कॅम्प

बरं, .४५-७० मागे घेतो. पण गोळी लागल्यावर काय? ते कोणी लिहिलं नाही.

बकआय_नाशिककर

हरिण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, पोटाच्या रेषेपासून एक-तृतीयांश उंचीवर. समोरून येणारं किंवा पाठमोरं हरिण सोडून द्यायचं, वळेल आपोआप. गोळी सुटली की लगेच लिव्हर मारून दुसरं काडतूस आत घ्या आणि ते शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं ते डोळ्यांत धरून ठेवा. निदान अर्धा तास जागेवरून हलू नका. मग गोळी लागली त्या जागी रक्त बघा. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुफ्फुस, ते जवळच पडलं असेल. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास द्या. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट. तेव्हा मागे फिरा आणि सहा-आठ तासांनी या. घाईने मागे गेलात तर ते उठून शेजारच्या जमिनीत जातं, आणि तिथे शिरायला वेगळी परवानगी लागते.

आणि परतीचं. निघायच्या आदल्या दिवशी जॅकेटचे सगळे खिसे, बॅगेचे कप्पे, बुटांच्या पिशव्या उलट्या करून झटका. विमानतळावर स्कॅनरमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं तरी मुंबईत थेट शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, ‘चुकून राहिलं’ हे पुढे कोर्टात सांगावं लागतं. रिकाम्या पुंगळ्याही आठवण म्हणून आणू नका. शिंगं, कातडी, मांस यातलं काहीही बॅगेत नको. रेंजवर घातलेलं जॅकेट भावाकडेच ठेवलेलं बरं.

गंगापूर_रोडकर

नोंद केली. भाऊ शनिवारी .३६० बघायला जातोय. काडतुसं किती घ्यायला सांगू?

पुंगळी

२० च्या तीन पेट्या, एकाच लॉट नंबरच्या. दीड पेटी झीरो आणि सरावाला, बाकी शेताला आणि पुढच्या वर्षाच्या तपासणीला. दोन वेगळ्या वजनांच्या गोळ्या मिसळू नका. १८० वर झीरो केला आणि शेतात २०० भरली तर शंभर यार्डांवर लागण्याची जागा सरकते. आधी एकच पेटी घेऊन त्या रायफलीत गट कसा येतो ते बघा. नाही जमलं तर दुसरं वजन. मग उरलेल्या दोन.